उघडता येणारा कॅमेरा

फिल्मवर फोटो काढायची हौस आज ज्याला लागते, त्याला दुकानात जाऊन नवा कॅमेरा निवडण्याची सोय जवळजवळ उरलेली नाही. निकॉनने एफ-६ हा आपला शेवटचा फिल्म एसएलआर २०२० मध्ये बंद केला. लायका अजून नवे फिल्म कॅमेरे बनवते, पण त्यांच्या किमती लाखांच्या घरात आहेत. पेंटॅक्सने २०२४ मध्ये ‘पेंटॅक्स १७’ आणला तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली. नावाजलेल्या कंपनीने नवा फिल्म कॅमेरा काढणे हीच बातमी ठरावी इतकी ही गोष्ट दुर्मीळ झाली आहे. राहिला तो जुना माल. घराच्या माळ्यावर, बंद पडलेल्या स्टुडिओच्या कपाटात, मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जे कॅमेरे फिरत आहेत, त्यांतूनच आपल्याला निवडायचे आहे. त्यांतले बहुतेक तीस ते साठ वर्षांचे आहेत. दरवर्षी काही कायमचे बंद पडतात आणि नवी भर जवळपास पडत नाही. अशा बाजारात ‘सर्वांत चांगला कॅमेरा कोणता’ हा नेहमीचा प्रश्न फारसा कामाचा नाही. कारखान्यातून बाहेर पडताना कोण किती सरस होता, याला पन्नास वर्षांनंतर मर्यादित अर्थ राहतो. विचारायचे ते हे, की हा कॅमेरा उघडता येतो का, त्याचा बिघडलेला भाग नीट करता येतो का, आणि त्याला लागणारे सामान आजही मिळते का. जुन्या कॅमेऱ्याची खरी किंमत त्याच्या दुरुस्त होण्यात आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे. नाव, चकाकी आणि बाजारातली चलती यांचा विचार त्यानंतर करावा.

१९७६ साली आलेले दोन जपानी कॅमेरे शेजारी ठेवले की हे लक्षात येते. एक कॅननचा एई-१ आणि दुसरा पेंटॅक्सचा के-१०००. एई-१ त्या काळात फार पुढारलेला होता. मायक्रोप्रोसेसर बसवलेला पहिला एसएलआर म्हणून तो ओळखला जातो. शटर किती वेळ उघडे राहणार हे त्याच्या पोटातले इलेक्ट्रॉनिक सर्किट सांभाळते. के-१००० त्याच्यापुढे अगदी साधा. शटरचा वेग, ॲपर्चर, फोकस, सगळे हाताने करायचे. सेल लागतो तो फक्त प्रकाश मोजणाऱ्या काट्यापुरता. एई-१ मधला सहा व्होल्टचा सेल संपला की शटर चालतच नाही. के-१००० मधला सेल संपला तर काटा हलत नाही, एवढेच. उन्हासावलीचा अंदाज असणारा माणूस फोटो काढत राहतो. आता पन्नास वर्षांनंतरचे पाहा. के-१००० मध्ये जे बिघडते ते बहुधा दिसणारे असते. वंगण सुकते, स्प्रिंगचा ताण कमी होतो, फोम विरघळतो. हे सगळे हाताने बरे होणारे आजार आहेत. एई-१ मधलेही काही आजार असेच आहेत. त्याचा शटर दाबल्यावर येणारा कुप्रसिद्ध ‘कुंई’ आवाज आरशाच्या यंत्रणेतले वंगण सुकल्याचा असतो आणि योग्य जागी थेंबभर तेल दिले की तो जातो. पण सर्किट गेले तर ते नव्याने बनवणारा कोणी नाही. तेव्हा एका एई-१ ला जगवायला दुसरा एई-१ मोडावा लागतो. असे असूनही बाजारात एई-१ ला त्याच्या नावामुळे आणि देखणेपणामुळे मागणी जास्त असते.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो. इलेक्ट्रॉनिक कॅमेरे चाळीस-पन्नास वर्षे चालत आलेच आहेत की. मग भीती कसली? आक्षेप खोटा नाही, पण अपुरा आहे. आज आपल्यासमोर विकायला येतात ते टिकलेले कॅमेरे. जे टिकले नाहीत ते कधीच भंगारात गेले, त्यामुळे ते आपल्या हिशेबात येत नाहीत. शिवाय बिघडण्याची रीत दोघांत वेगळी आहे. यांत्रिक कॅमेरा हळूहळू बिघडतो आणि तसे आधी कळवतो. एक सेकंदाचा वेग दीड सेकंद घेऊ लागतो, पण १/१२५ ठीक चालतो. मालकाला मेकॅनिक शोधायला अवधी मिळतो. सर्किट असे कळवत नाही. काल चालत होते, आज नाही. याचे टोकाचे उदाहरण म्हणजे नव्वदच्या दशकातले छोटे महागडे ऑटोफोकस कॅमेरे. काँटॅक्स टी-२ किंवा ऑलिंपसचा म्यू-२ खिशात मावतात आणि सुरेख फोटो काढतात. गेल्या काही वर्षांत प्रसिद्ध व्यक्तींच्या हातात दिसल्यामुळे काँटॅक्सचे भाव कुठल्या कुठे गेले. पण काँटॅक्स बनवणाऱ्या क्योसेरा कंपनीने २००५ मध्येच त्या धंद्यातून अंग काढून घेतले. आत मोटर, चिप आणि पातळ लवचीक सर्किटपट्ट्या. यांतले काहीही गेले की हातात सुंदर ठोकळा उरतो. ज्याला परवडते त्याने हा कॅमेरा जरूर घ्यावा, मात्र तो संपणारी वस्तू आहे हे समजून घ्यावा. अडचण अशी, की आजचा भाव तो कायम चालणार असे गृहीत धरून लावलेला असतो.

दुरुस्तीचा प्रश्न कॅमेऱ्याच्या खोक्यापुरता नाही. त्यात जाणारा रोल आणि सेल हेही त्याचेच भाग आहेत. कोडॅकने १२० नावाचा रोल १९०१ मध्ये आणला आणि ३५ मिलिमीटरची आज वापरतो ती डबी १९३४ मध्ये. हे दोन्ही आजही मिळतात. म्हणून अनेक मराठी घरांत सापडणारा आगफा क्लिक-३ हा साधा डबा-कॅमेरा आजही चालवता येतो. तो १२० चा रोल घेतो. याउलट १९६३ मध्ये आलेला १२६ चा इन्स्टामॅटिक किंवा १९९६ मध्ये गाजावाजा करून आणलेला एपीएस कॅमेरा कितीही नवाकोरा मिळाला, तरी त्यात घालायला ताजी फिल्म नाही. ६२० चा रोल हे मधले प्रकरण आहे. फिल्म १२० चीच, फक्त दांडी वेगळी. त्यामुळे अंधारात रोल दुसऱ्या दांडीवर गुंडाळून घेतला की काम भागते. सेलचीही अशीच कथा आहे. साठ-सत्तरच्या दशकांतल्या अनेक कॅमेऱ्यांचे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालत. पारा विषारी म्हणून हे सेल बंद झाले. अमेरिकेत त्यासाठी १९९६ मध्ये कायदाच झाला. त्याच आकाराचा आजचा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा असतो, त्यामुळे मिनोल्टा एसआरटी-१०१ किंवा ऑलिंपस ओएम-१ चा मीटर चुकीचे सांगतो. यावर उपाय आहे. श्रवणयंत्रात घालतात तो ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल साधारण १.४ व्होल्ट देतो आणि जवळजवळ अचूक चालतो. ज्या मीटरमध्ये सेलच नसतो, सेलेनियमची खवल्यांसारखी काच असते, त्याचे मात्र वय झाले की इलाज नाही. अशा कॅमेऱ्याचा मीटर मेला आहे असे धरूनच भाव करावा.

कॅमेरा म्हातारा होतो म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेतले तर खरेदीतली निम्मी भीती जाते. धातू फारसा म्हातारा होत नाही. काचही नाही. म्हातारी होतात ती त्यांच्या मधली मऊ द्रव्ये. मागचे झाकण बंद केल्यावर उजेड आत शिरू नये म्हणून खाचेत फोमच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. काही दशकांत त्यांचा काळा चिकट डांबरासारखा लगदा होतो. आरसा ज्यावर आपटतो त्या फोमचेही तसेच. वंगणातले तेल उडून जाते आणि उरलेले ग्रीस घट्ट होते; म्हणून कमी वेग अडकतात आणि लेन्सची फोकस रिंग जड फिरते. तेच तेल कधी पसरत जाऊन ॲपर्चरच्या पात्यांवर चढते आणि पाती वेळेवर मिटत नाहीत. शटरचा पडदा रबर लावलेल्या कापडाचा असेल तर त्याला टाचणीएवढी भोके पडतात. दोन भिंगे ज्याने चिकटवली तो जुना कॅनडा बाल्सम सुटला तर कडेला इंद्रधनुषी कडा दिसू लागते. याशिकाच्या इलेक्ट्रो-३५ या १९६६ पासूनच्या लोकप्रिय कॅमेऱ्यात तर एक छोटा रबरी तुकडा कुजतो आणि संपूर्ण प्रकाशमापन बिघडते. रोल पुढे सरकवताना येणारा ठराविक ‘टक्’ आवाज आला नाही की जाणकार लगेच ओळखतात. या यादीतले फोम आणि वंगण हे खर्चात धरायचे, घाबरायचे नाही. पात्यांवरचे तेल आणि पडद्याची भोके ही मेकॅनिकची कामे. सुटलेला बाल्सम किंवा जळालेले सर्किट दिसले तर कॅमेरा सोडून द्यावा.

आपल्या हवेत या सगळ्यांपेक्षा मोठा शत्रू म्हणजे बुरशी. मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने हवेतली आर्द्रता बुरशीला हवी तशीच असते. तिचे बीज हवेत सगळीकडे आहे. ओल, अंधार आणि साचलेली हवा मिळाली की ती भिंगावरच्या धुळीवर आणि तेलाच्या अंशावर वाढते. सुरुवातीला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात. या अवस्थेत लेन्स उघडून पुसली तर ती पूर्ण बरी होऊ शकते. पण बुरशी आम्ल सोडते आणि ते आम्ल भिंगावरचा लेप, पुढे काचसुद्धा खाते. मग बुरशी पुसली तरी तिची नक्षी तशीच राहते. विकत घेताना मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून तिरका धरावा आणि पुढून पाहावे. समोरून खोलीच्या उजेडात स्वच्छ दिसणारी लेन्स अशी पाहिली की आतले सगळे सांगून टाकते. धुळीचे चार कण चालतात, जवळजवळ प्रत्येक जुन्या लेन्समध्ये ते असतात आणि फोटोत उतरत नाहीत. एका कडेची छोटी बुरशीही बहुतेक फोटोंत दिसणार नाही, मात्र सूर्य समोर असला की चित्र धुरकट होईल. घरी आणल्यावरची सर्वांत मोठी चूक म्हणजे कॅमेरा त्याच्या मूळ चामड्याच्या केसमध्ये प्रेमाने ठेवणे. चामडे ओल धरून ठेवते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवावा, जेल अधूनमधून तापवून सुकवावी, आणि संग्रह वाढला तर आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांवर ठेवणारे छोटे कपाट घ्यावे. खरे तर वापर हाच उत्तम उपाय. वारा आणि उजेड मिळणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

बाजारात उभ्या उभ्या कॅमेरा कसा पारखायचा? विक्रेता ‘चालू आहे’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ बहुधा इतकाच असतो, की बटण दाबल्यावर आवाज येतो. तो खोटे बोलत असतो असे नाही. रोल घालून पाहायला त्याला परवडत नाही. म्हणून आपण पाहायचे. मागचे झाकण उघडून कॅमेरा उजेडाकडे धरावा आणि एकेका वेगावर शटर चालवावे. एक सेकंदाला मनात ‘एक हजार एक’ म्हणण्याइतका वेळ लागला पाहिजे आणि प्रत्येक पुढचा वेग कानाला साधारण निम्मा वाटला पाहिजे. सर्वांत जास्त वेगावर पांढऱ्या भिंतीकडे पाहताना प्रकाशाची चौकट एका बाजूला काळी दिसली, तर दोन पडद्यांचा मेळ बिघडला आहे. सेलची खोबण उघडून हिरवा थर आहे का ते पाहावे. गळलेल्या सेलचे रसायन तारांमधून आत गेलेले असू शकते. स्टुडिओतल्या याशिका मॅट-१२४जी सारख्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात आणखी एक परीक्षा असते. वरचे भिंग आपल्याला दाखवते, खालचे फिल्मवर फोटो काढते. कॅमेरा कधी पडला असेल तर दोघांचा फोकस जुळत नाही. शटर बी वर उघडे धरून फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर लावला आणि लांबच्या इमारतीवर दोन्ही चित्रे ताडून पाहिली की ते कळते. सोव्हिएत झोर्की आणि फेड कॅमेऱ्यांबाबत एक नियम पाठ असावा: आधी रोल सरकवून शटर ताणायचे, मगच वेग बदलायचा, उलट केले तर यंत्रणा बिघडू शकते. एवढे पाहून झाल्यावर भाव करताना मागितलेल्या किमतीत साफसफाई, वंगण आणि जुळणी यांचा खर्च मिळवावा, शिवाय एका चाचणी-रोलचाही. स्वस्त पडलेला कॅमेरा या बेरजेनंतर कधी कधी महाग ठरतो, आणि मेकॅनिककडून नुकताच नीट करून आलेला, वरवर महाग वाटणारा कॅमेरा स्वस्त.

घरी काय करावे आणि काय करू नये, याची रेघ स्पष्ट आहे. फोमच्या पट्ट्या बदलणे कोणालाही जमते. जुना लगदा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या काडीने हळूहळू काढायचा, त्याचे कण शटरवर पडू द्यायचे नाहीत, आणि योग्य जाडीच्या नव्या पट्ट्या चिकटवायच्या. वरचे चामडे सुटले असेल तर चिकटवणे, सेलच्या खोबणीतला थर घासणे, बाहेरची काच पुसणे हेही करता येते. स्क्रू काढायची वेळ आली तर एक गोष्ट आधी जाणून घ्यावी. जपानी कॅमेऱ्यांचे फुलीचे स्क्रू जपानी मानकाचे असतात. दुकानात मिळणारा साधा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर त्यांत नीट बसत नाही आणि डोके झिजवतो. एकदा डोके झिजले की पुढच्या मेकॅनिकचेही काम अवघड होते. शटर आणि ॲपर्चरच्या यंत्रणेत हौशी माणसाने हात घालू नये, आणि डब्यातून फवारायचे गंजनाशक तेल तर कधीच मारू नये. ते दोन दिवस कॅमेरा चालवते, मग पसरत जाऊन पात्यांवर आणि भिंगावर चढते. आत फ्लॅश असलेला छोटा कॅमेरा उघडण्यात जिवाचा धोका आहे: त्याच्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास वीज साठलेली असते आणि सेल काढल्यावरही ती राहू शकते. ‘सगळे स्वतः करावे’ हा उत्साह चांगला, पण उघडता येणारा कॅमेरा घ्या या सल्ल्याचा अर्थ प्रत्येकाने तो उघडावा असा नाही. कोणीतरी उघडू शकेल, एवढी हमी असावी.

जीर्णोद्धार म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे पॉलिश केलेला, नव्या रंगीत चामड्याचा कॅमेरा येतो. दुरुस्तीच्या दृष्टीने ही चकाकी संशयास्पद मानायला हवी. काळ्या रंगाखालून डोकावणारे पितळ कॅमेरा वापरात होता हे सांगते, आणि वापरात असलेल्या यंत्राचे वंगण बहुधा हलते राहिलेले असते. उलट नवे चामडे आणि नवा रंग पोचा झालेला कोपरा किंवा अनाडी हाताने उघडल्याच्या खुणा झाकू शकतो. दिवाणखान्यात ठेवायला चकाकी पुरेशी आहे. ज्याला फोटो काढायचे आहेत त्याने पैसा आतल्या कामावर घालावा, बाहेरचे ओरखडे तसेच राहू द्यावेत, आणि केलेला बदल पुन्हा मागे घेता येईल असा ठेवावा. काढलेला मूळ भाग फेकू नये. गुरुग्राममधील म्युझिओ कॅमेरासारख्या संग्रहालयात मूळ रूप जपणे हेच काम असते. घरातल्या कॅमेऱ्याचे काम वेगळे आहे, तरी मूळ भाग जपण्याची शिस्त तिथेही उपयोगी पडते, कारण पुढच्या मेकॅनिकला तोच नमुना लागतो.

लेन्सच्या बाबतीत दुरुस्तीचे गणित आणखी सोयीचे होते. हाताने फोकस होणाऱ्या लेन्समध्ये सर्किट नसते. काच, पितळ, ॲल्युमिनियम आणि ग्रीस एवढाच संसार. रशियन झेनिटबरोबर येणारी हेलिओस-४४ किंवा पेंटॅक्सची जुनी टाकुमार ही लेन्स ॲडॉप्टर लावून आजच्या मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावरही चालते. म्हणजे कॅमेरा मेला तरी लेन्सचे आयुष्य संपत नाही. काही जुन्या टाकुमार ५० मिलिमीटर एफ १.४ लेन्सच्या काचेत थोरियम मिसळलेले आहे आणि काळाच्या ओघात त्या चहासारख्या पिवळ्या पडतात. पाहणाऱ्याला त्या खराब वाटतात, पण अतिनील प्रकाशात काही दिवस ठेवल्यावर पिवळेपणा बराचसा जातो, म्हणून घासाघीस करायला ती उत्तम जागा आहे. इतर सामानात सर्वांत दुर्लक्षित पण सर्वांत टिकाऊ वस्तू डार्करूमच्या: रोल धुण्याची टाकी, थर्मामीटर, एन्लार्जर. त्यांत बिघडण्यासारखे फार थोडे असते आणि स्टुडिओ बंद होताना ते भंगाराच्या भावाने जातात. जुन्या फ्लॅशबाबत मात्र जपावे. काहींच्या संपर्कबिंदूवर दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो. यांत्रिक कॅमेरा तो सोसतो, आधुनिक डिजिटल कॅमेऱ्यावर लावला तर त्याचे सर्किट जळू शकते.

दुसरा आणि जास्त गंभीर आक्षेप पैशांचा आहे. कॅमेरा दुरुस्त झाला, पण रोलचे काय? आज रंगीत रोल, त्याची धुलाई आणि स्कॅनिंग मिळून हजार रुपयांच्या पुढे जाते आणि हाती छत्तीस फोटो येतात. खिशातला मोबाइल तेवढे फोटो फुकटात काढतो. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यातून ‘इंदू’ नावाची फिल्म येत असे. तो बंद पडल्यापासून आपण पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहोत. हा आक्षेप मान्यच करायला हवा. रोज मुलांचे फोटो काढायला फिल्म हा शहाणपणाचा मार्ग नाही. पण या आक्षेपातूनच दुरुस्तीचा मुद्दा पक्का होतो. रोल महाग असेल तर बिघडलेल्या कॅमेऱ्यात तो वाया घालवणे सर्वांत महाग. अडकणाऱ्या शटरने जाळलेले चार रोल एका चांगल्या दुरुस्तीच्या खर्चाच्या जवळ जातात. कृष्णधवल रोल घरी धुतला तर धुलाईचा खर्च बराच उतरतो, आणि त्यासाठी लागणारी टाकी जुन्या बाजारात मिळतेच. फिल्म उद्या बंद होईल ही भीतीही जितकी सांगतात तितकी खरी नाही. कोडॅकने २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता, तरी २०१८ मध्ये त्याच कंपनीने बंद केलेली एक्टाक्रोम फिल्म परत आणली. २०२३ च्या ‘ओपनहायमर’साठी तर कोडॅकने मोठ्या आकाराची कृष्णधवल सिनेफिल्म खास बनवून दिली. इल्फर्ड इंग्लंडमध्ये आणि फोमा चेक प्रजासत्ताकात फिल्म बनवतच आहेत. फिल्म महाग राहील, पण मिळत राहील, असे मानायला आधार आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा आहे: दुरुस्त होणारा कॅमेरा घेतला, पण दुरुस्त करणारा माणूस कुठे आहे? मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजाराच्या परिसरात कॅमेऱ्यांची दुकाने आणि कारागीर वर्षानुवर्षे आहेत. पण फिल्मच्या काळात शिकलेली पिढी आता वयस्कर झाली आहे आणि छोट्या शहरांत तर कुरियरशिवाय मार्ग नाही. हे खरे आहे. मात्र यांत्रिक कॅमेऱ्याची विद्या घड्याळ, शिलाई मशीन किंवा लेथच्या कामापासून फार दूर नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि दामल्यांसारख्या त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः घडवला. तेव्हा त्यांच्यापाशी कुठल्या कंपनीचे प्रशिक्षण नव्हते. यंत्र उघडून पाहण्याची नजर आणि धातू घडवण्याचे हात होते. गिअर, स्प्रिंग आणि तरफ डोळ्यांना दिसतात, म्हणून ती शिकता येतात. कंपन्यांनी छापलेली दुरुस्तीची पुस्तके उपलब्ध आहेत, काही छोटे प्लास्टिकचे भाग थ्रीडी प्रिंटरवर बनवले जात आहेत. कारागीर टिकेल की नाही हे आपण त्याला काम देतो की नाही यावर ठरते. प्रत्येकाने बंद कॅमेरा कपाटात ठेवून नवा ‘चालू’ कॅमेरा शोधायचा ठरवला, तर कारागीर जाईल आणि मग आक्षेप आपोआप खरा ठरेल.

वस्तूची किंमत तिच्या दुरुस्त होण्यात आहे, हे जुन्या कॅमेऱ्यांचे सूत्र आता नव्या वस्तूंनाही लावले जाऊ लागले आहे. फ्रान्सने २०२१ पासून मोबाइल आणि लॅपटॉपसारख्या वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी आहे याचे गुण छापणे बंधनकारक केले; आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे काम हाती घेतले. या सगळ्याचे सार म्हणून पहिला फिल्म कॅमेरा घेणाऱ्याला सल्ला एवढाच, की पेंटॅक्स के-१०००, निकॉन एफएम, मिनोल्टा एसआरटी किंवा एखादा याशिका मॅट यांसारखा भरपूर संख्येने बनलेला, सेलशिवाय चालणारा, चालू रोल घेणारा कॅमेरा निवडावा. ठरवलेल्या पैशांतला निदान तिसरा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवून मगच भाव करायला जावे. आणि काम करून घेतल्यावर मेकॅनिककडून काय बदलले, काय जुळवले याची तारखेसह पावती घ्यावी. पुढे कधी तो कॅमेरा विकायचा झाला तर घेणाऱ्याला कंपनीच्या नावापेक्षा ती पावती जास्त उपयोगाची असेल, आणि तिच्यासाठी त्याने दोन पैसे जास्त दिले तर ते वाजवी म्हणावे लागेल.